माइकवाल्याचं काय झालं?

मतदारांच्या गटचर्चा घेणं हा माझा पेशा. लांबट टेबलाभोवती आठ-दहा अनोळखी माणसं बसवायची, त्यांना बोलतं करायचं, आणि पलीकडच्या खोलीत आरशासारख्या काचेमागे बसलेल्या क्लायंटला ते ऐकू द्यायचं. काचेमागे कुणीतरी बसलंय याची कल्पना सगळ्यांना दिलेली असते, संमतीपत्रावर सह्याही घेतलेल्या असतात. तरी दहा मिनिटांत माणसं ती काच विसरून जातात. क्लायंटला मात्र तिचा विसर पडत नाही. तो आतून चिठ्ठ्या पाठवत राहतो, हे विचारा, ते विचारा.

माझी एक अट पहिल्यापासून आहे: उमेदवाराने स्वतः काचेमागे बसायचं नाही. प्रचारप्रमुख चालेल, भाऊ चालेल, बायको चालेल. उमेदवार नको. आपल्याबद्दल दहा परकी माणसं तासभर काय बोलतात हे कान देऊन ऐकणं फार थोड्यांना झेपतं. ज्यांना झेपत नाही ते दुसऱ्या दिवशीच्या सभेत त्या दहा जणांना उत्तरं देत सुटतात, आणि समोरच्या पाच हजारांना कळत नाही की साहेब भांडतायत कुणाशी. मी सांगते आहे त्या दिवशी ही अट मोडली गेली आणि मला ते चर्चा संपल्यावर कळलं.

मतदारसंघ कुठला, पक्ष कुठला, हे सांगणार नाही. तसा करारच असतो. उमेदवार पहिल्यांदा उभा राहिलेला. पेशाने इंजिनिअर, मोठ्या प्रकल्पांवर काम केलेला, पाणीपुरवठ्याची सविस्तर योजना घेऊन मैदानात उतरलेला. समोर दोनदा निवडून आलेले विद्यमान प्रतिनिधी. त्यांच्या नावावर मोठं काम असं काही नव्हतं, पण कुणाच्या सुखदुःखात गेले नाहीत असं घरही सापडायचं नाही. प्रचारप्रमुखांचा प्रश्न सरळ होता: आमचा माणूस हुशार आहे, योजना चांगली आहे, मग काठावरचे मतदार अजून काठावर का?

काठावरचे हा शब्द महत्त्वाचा आहे. माणसं निवडतानाच आम्ही विचारून घेतलं होतं, मत ठरलंय का, आणि ठरलेल्यांना घरी पाठवलं होतं. बहुतेक ठिकाणी बहुतेक मतदार पक्ष बघून मत देतात. उमेदवाराचं नाव त्यांना नंतर कळलं तरी चालतं. तेव्हा पुढे जे सांगते आहे ते सगळ्या मतदारांना लावू नका. ते उरलेल्यांचं आहे. अटीतटीच्या लढतीत निकाल फिरवतात ते हेच उरलेले.

सुरुवात मी नेहमीसारखीच केली. भलत्याच देशातली, कुणालाच न कळणाऱ्या भाषेतली दोन उमेदवारांची वादचर्चा, दहा सेकंद, आवाज बंद. यातलं कोण निवडून आलं असेल? वाटतं की लोक म्हणतील, एवढ्यावरून कसं सांगणार. तसं कुणीच म्हणत नाही. दहाच्या दहा जण उत्तर देतात, तेही खात्रीने. युक्ती माझी नव्हे. डॅनियल बेंजामिन आणि जेसी शपिरो या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या गव्हर्नरपदाच्या ५८ निवडणुकांवर हा प्रयोग केला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्या उमेदवारांना न ओळखणाऱ्या माणसांनी दहा सेकंदांच्या मुक्या चित्रफिती बघून वर्तवलेले अंदाज नुसत्या नशिबापेक्षा बरेच बरोबर निघाले. खरी गंमत पुढेच आहे. आवाज सुरू केला तेव्हा अंदाज सुधारायचे सोडून बिघडले. शब्द कानावर पडले की माणूस विचार करायला लागतो, हा कुठल्या पक्षाचा असेल, काय म्हणत असेल, आणि डोळ्यांनी दिलेलं उत्तर खोडून बसतो.

मग आमचे दोघे, तेही आवाज बंद ठेवूनच. आमच्या उमेदवाराला खोलीतले लोक चेहऱ्याने जेमतेम ओळखत होते. आमच्या उमेदवाराच्या बाजूने सात हात वर गेले. का? "ठाम दिसतो." "निर्णय घेणारा वाटतो." "कामाचा माणूस." एक गृहस्थ म्हणाले, जबड्यावरूनच कळतं, आणि सगळे हसले, पण मान डोलावूनच हसले. तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठात असलेल्या अलेक्झांडर टोडोरोव या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हेच दाखवलं होतं. अमेरिकी सिनेटच्या दोन उमेदवारांचे फोटो सेकंदभर दाखवून विचारलं, यातला जास्त सक्षम कोण वाटतो? ज्याला लोकांनी सक्षम म्हटलं तो सुमारे सत्तर टक्के लढतींत खराच निवडून आलेला होता. पुढे स्वित्झर्लंडमध्ये लहान मुलांना फ्रान्समधल्या उमेदवारांचे फोटो दाखवून विचारलं गेलं, तुमच्या जहाजाचा कप्तान कोण? मुलांनी निवडलेले कप्तान बहुतेक वेळा निवडणूक जिंकलेलेच निघाले. मोठ्या माणसांना मताचा अधिकार वयावर मिळतो हे ठीकच, पण चेहरा वाचण्यात आपण मुलांपेक्षा फार पुढे जात नाही, असं दिसतं.

काचेमागे खूश होते, हे मला चिठ्ठीवरून कळलं. चिठ्ठीत फक्त एक उद्गारचिन्ह होतं.

त्यानंतर दोघांच्या पाण्यावरच्या मुलाखती आवाजासकट दाखवल्या आणि पहिला फॉर्म भरून घेतला. फॉर्ममध्ये गुणांची यादी होती, प्रत्येकाला पाचपैकी मार्क द्यायचे. यादी मी मुद्दाम आखूड ठेवते. जियान व्हित्तोरिओ काप्रारा या इटालियन मानसशास्त्रज्ञाच्या गटाने १९९७ मध्ये मांडलं होतं की ओळखीच्या माणसाचा स्वभाव आपण पाच अंगांनी जोखतो, पण राजकारण्याचा विषय निघाला की पाचाची दोनच अंगं उरतात: याच्यात धमक किती आणि याच्यावर भरवसा किती. टेबलाभोवतीची माणसंही फिरून फिरून त्या दोनांवरच येतात, यादी कितीही लांब करा.

पहिल्या फॉर्मवर आमचा उमेदवार धमक, सक्षमता, अभ्यास या रकान्यांत पुढे होता. आपुलकीत मागे, पण फार नाही. पाण्याच्या योजनेला दहापैकी आठ जणांनी चार किंवा पाच मार्क दिले होते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका तर खुलून बोलत होते. "पाइपलाइनच्या गळतीत किती पाणी जातं याचा हिशोब आजवर कुणी मांडला होता का? आधी गळती थांबवा, मग नवीन धरणाचं बोला, हे म्हणायलाही अक्कल लागते." मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं. पुढे त्याचा उपयोग झाला.

आता ती क्लिप. ती आम्ही शोधून काढलेली नव्हती. प्रचाराच्या टीमनेच ती पाठवली होती, "साहेबांचा शिस्तप्रिय स्वभाव" अशा नावाने. चाळीस सेकंदांची. संध्याकाळची सभा, मंचावर उमेदवार बोलतायत, गर्दी बरी आहे. मध्येच माइक घरघरतो आणि बंद पडतो. कोपऱ्यातून एक मुलगा धावत येतो, विशीचा असेल. वाकून वायर तपासतो, घामेजलेले हात पँटला पुसतो, पुन्हा वायर खोचतो. माइक एकदा किंचाळतो आणि परत मरतो. उमेदवार त्याच्याकडे बघत नाहीत. गर्दीकडे बघून, हसतच म्हणतात, "बघा, एक साधी वायर जोडता येत नाही, आणि म्हणे व्यवस्था सुधारा." गर्दीत हशा पिकतो. मुलगा मान वर करतो, मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघतो, बहुतेक त्याच्या मालकाकडे. माइक सुरू होतो. उमेदवार घड्याळाकडे बोट दाखवतात आणि भाषण पुढे नेतात. क्लिप संपते.

ती बघताना मला स्वतःला फार काही वाटलं नव्हतं, हे सांगायला हवं. शेरा जरा टोचरा होता, पण सभेत असं चालतंच. मी फॉर्म वाटायला उठणार, एवढ्यात पार्सल पोचवण्याचं काम करणारा एक तरुण म्हणाला, "मॅडम, परत लावता का?"

परत लावली. या वेळी कुणी उमेदवाराकडे बघत नव्हतं. मी टेबलाच्या टोकाला उभी होते, मला सगळ्यांचे डोळे दिसत होते. दहाही जण पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होते, जिथे तो मुलगा होता.

"त्या पोराचं काय झालं असेल?" तरुण म्हणाला. "सभा संपल्यावर. मालकाने पैसे कापले असतील ना त्याचे?"

"काढलाच असेल कामावरून," दुसरी एक बाई म्हणाल्या. त्यांचं टेलरिंगचं काम होतं. "पाच हजार लोक हसले त्याच्यावर. आणि घड्याळ काय दाखवतो त्याला? वायर काय तो घरून मोडून घेऊन आला होता?"

पुढची वीस मिनिटं त्या खोलीत पाणी नव्हतं, योजना नव्हती, पक्ष नव्हता. होता तो माइकवाला. मी दोनदा विषय बदलायचा प्रयत्न केला; दोन्ही वेळा कुणीतरी त्याला परत आणलं. कुणाच्या साहेबाने चारचौघांत कसं झापलं होतं, कुणाच्या मुलाला पहिल्याच नोकरीत कसं ऐकून घ्यावं लागलं, असे किस्से निघाले. मग त्या तरुणाने जे म्हटलं ते मी नंतर अहवालाच्या पहिल्याच पानावर टाकलं. "उद्या माझं काही काम घेऊन मी यांच्या ऑफिसात गेलो, तर मी कोण असणार? मी काय स्टेजवर बसणार आहे? मी तो वायरवालाच असणार."

दुसरा फॉर्म भरून घेतला. आपुलकीचे मार्क कोसळले, ते अपेक्षितच होतं. भरवसाही खाली आला, तोही समजण्यासारखा. पण सक्षमता? तीही घसरली. आणि ज्या योजनेबद्दल मधल्या वेळात कुणी चकार शब्द काढला नव्हता, ज्यातला एक आकडाही बदलला नव्हता, तिचे मार्कही घसरले. पहिल्या फॉर्मवर आठ जणांनी चार-पाच दिले होते. आता तसे तिघे उरले.

मी बँकेच्या काकांना विचारलं, "काका, योजनेचे दोन मार्क कमी केलेत. काय खटकलं?"

"कागदावर ठीक आहे हो," ते म्हणाले. "पण गळती शोधायची म्हणजे रस्ते खणावे लागणार. ठेकेदार आले, भ्रष्टाचार आला. अंमलबजावणीचं काय? हे सगळं दिसतं तेवढं सोपं नसतं."

मुद्दा बिनतोड होता. फक्त तो तासाभरापूर्वीही तेवढाच बिनतोड होता, आणि तेव्हा काकांना सुचला नव्हता. ते खोटं बोलत नव्हते. आपलं मत योजनेच्या गुणदोषांवरून बदललं असं त्यांना मनापासून वाटत होतं. आमच्या धंद्यात हे रोज बघायला मिळतं: माणूस आधी नावडतो, मग त्याच्या योजनेत खोट सापडते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवून ठेवलंय की लष्करातले अधिकारी हाताखालच्या माणसांना मार्क देताना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य हे सगळे गुण एकमेकांना चिकटवून टाकतात. एकात बरा तो सगळ्यांत बरा. उलटही तसंच. शंभर वर्षांपूर्वीचं निरीक्षण आहे, पण मतदार योजना तपासून मग माणूस निवडतो असं समजून अजूनही जाहीरनामे छापले जातात.

हे सगळं एकसुरी झालं असतं, तर मी ते लिहायला बसले नसते. टेबलाच्या पलीकडच्या टोकाला एक नर्स बसल्या होत्या, कंत्राटी. बोलत कमी होत्या. दुसऱ्या फॉर्मवर त्यांनी एकही आकडा बदलला नव्हता. मी कारण विचारलं.

"मला जावई निवडायचा नाहीये, मॅडम," त्या म्हणाल्या. "गोड माणूस मी दहा वर्षं बघितला. आमच्या वॉर्डात येतात, नावाने हाक मारतात, माझ्या सासूच्या आजारपणात स्वतः फोन केला होता. कंत्राट आजही कंत्राटच आहे. या इंजिनिअरने आमच्या संघटनेला लेखी दिलंय. कडू असेल तर असू दे."

"म्हणजे त्या पोरावर हसले ते चाललं तुम्हाला?" टेलरिंगवाल्या बाईंनी विचारलं.

"नाही चाललं. पण माझं मत त्याच्यापायी का घालवू?"

यावर काका गप्प बसणारे नव्हते. "लेखी दिलेलं कोण पाळतं? योजना काय, आश्वासन काय, परिस्थिती बदलली की दोन्ही गुंडाळता येतात. पाच वर्षांत काय काय घडणार ते आज कुणाला ठाऊक आहे? महामारी येते, पूर येतो. जाहीरनाम्यात नसलेलं संकट आलं की हाताशी उरतो तो माणूसच. म्हणून माणूस बघायचा."

त्या दोघांचा वाद मी मुद्दाम तोडला नाही. माझ्या मते दोघंही हिशोबीच होते, हिशोब वेगळे होते इतकंच. बाईंना काय हवंय ते नेमकं ठाऊक होतं आणि ते कोण देणार हेही. ज्याला नेमकं ठाऊक असतं त्याला स्वभाव बघायची गरज कमी पडते. काकांचं निवडणुकीवर असं थेट काही अडलेलं नव्हतं, म्हणून ते पुढच्या पाच वर्षांतल्या अज्ञात गोष्टींसाठी माणूस पारखत होते. लोक अडाणी असतात म्हणून स्वभावावर भाळतात, असं प्रचारातली शहाणी मंडळी म्हणतात ते मला पटत नाही. माहिती कमी आणि टीव्ही जास्त अशा मतदारांवर दिसण्याचा प्रभाव अधिक पडतो हे अमेरिकेत अभ्यासातून दिसलंय, खरं आहे. पण दिसणं वेगळं आणि वागणं वेगळं. आमच्या उमेदवाराला जबड्याने सात हात मिळवून दिले होते. ते त्याच्या वागण्याने चाळीस सेकंदांत काढून घेतले.

लोक गेल्यावर मी काचेमागच्या खोलीत गेले. प्रचारप्रमुखांच्या शेजारी उमेदवार बसले होते. आधी मला राग आला, मग त्यांचा चेहरा बघून तो बोलून दाखवावासा वाटेना. त्यांच्यासमोरच्या कागदावर काहीही लिहिलेलं नव्हतं.

"मी त्या मुलाला सभेनंतर भेटलो होतो," ते म्हणाले. "सॉरी म्हणालो. त्याच्या मालकालाही सांगितलं की जनरेटरचा प्रॉब्लेम होता, त्याची चूक नव्हती. हे कुणी शूट केलं नाही."

मी म्हटलं, "साहेब, बोललात ते पाच हजारांसमोर आणि सॉरी म्हणालात ते एकट्याला. लोकांना तेवढंच दिसणार."

"म्हणजे चाळीस सेकंदांवरून माणूस ठरवायचा?"

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं, आजही नाही. अन्याय तर आहेच. त्यांच्याबद्दल मला त्या क्षणी वाईट वाटलं. ते खवचट असतील, दुष्ट नव्हते. आयुष्यभर जिथे काम केलं तिथे वायर न जोडता येणं हा दोषच धरला जातो, आणि तो बोलून दाखवणं हे कामच असतं. साइटवरचा गुण मंचावर दुर्गुण ठरला होता.

प्रचारप्रमुखांना मात्र भावनेत रस नव्हता, उपाय हवा होता. तो त्यांनी तिथेच काढला: त्या मुलाला शोधून आणायचं, साहेब त्याच्या खांद्यावर हात ठेवतायत असा व्हिडिओ करायचा, तोच माइक त्याच्या हातात द्यायचा. मी म्हटलं, करू नका. ते म्हणाले, मॅडम, प्रतिमा घडवता येते, जगभर घडवतात. मग आमचा बराच वेळ वाद झाला. त्यांनी नेहमीचं केनेडी-निक्सनचं उदाहरण काढलं. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या या दोन उमेदवारांची २६ सप्टेंबर १९६० ची पहिली टीव्हीवरची वादचर्चा, निक्सन आजारातून उठून आलेला, फिकट, केनेडी तजेलदार. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकला असं वाटलं ही गोष्ट या धंद्यातला प्रत्येक जण सांगतो. त्या काळचा तिचा पुरावा तसा कच्चा आहे. पण २००३ मध्ये जेम्स ड्रकमन या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने नव्या माणसांना तीच चर्चा दाखवली आणि दुसऱ्यांना नुसती ऐकवली, तेव्हा बघणारे खरोखरच केनेडीकडे जास्त झुकले. एवढं मी मान्य केलं. आवाजही घडवता येतो, तेही मान्य. मार्गारेट थॅचर यांनी सत्तरच्या दशकात रीतसर शिकवणी लावून आपला आवाज खालच्या पट्टीत आणला होता आणि त्याचा त्यांना फायदाच झाला, असं मानतात.

पण चेहऱ्याचा रंग आणि आवाजाची पट्टी एकट्या माणसाची असते. दुसऱ्याशी वागणं तसं नसतं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मायकल डुकाकिस यांना भर वादचर्चेत विचारलं गेलं, तुमच्या पत्नीवर बलात्कार करून तिचा खून झाला, तर मारेकऱ्याला फाशी व्हावी असं तुम्हाला वाटेल का? त्यांनी शांतपणे फाशीविरोधातली आपली नेहमीची भूमिका सांगितली. उत्तरात वैचारिक चूक काही नव्हती. पण लोक उत्तराकडे बघत नव्हते, नवऱ्याकडे बघत होते, आणि त्यांना नवरा दिसला नाही. प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश (थोरले) ४० राज्यं जिंकले. डुकाकिस त्या एका उत्तराने हरले असं म्हणणं अति होईल, पण ते उत्तर आजही लोकांच्या लक्षात आहे, धोरणं नाहीत. खांद्यावर हात ठेवून केलेल्या व्हिडिओत लोक पुन्हा त्या मुलाच्याच चेहऱ्याकडे बघणार, आणि त्याला इथे आणून उभं केलंय हे त्यांना कळणार. ज्यांनी पँटला पुसलेले हात टिपले, त्यांच्यापासून हे लपणार आहे का?

वादात एक गोष्ट मी प्रचारप्रमुखांना सांगितली ती इथेही नोंदवते. हीच क्लिप एखाद्या उमेदवार बाईंची असती, तर शिस्तप्रिय हा शब्द टीमच्या मनातसुद्धा आला नसता. बायकांच्या बाबतीत धमक आणि आपुलकी हे दोन रकाने एकमेकांच्या खिशातून पैसे काढतात. ठाम बोललात की आपुलकीचे मार्क गेले, हसून बोललात की धमक या रकान्यातले. पुरुष उमेदवाराला निदान दोन्हींत पास होण्याची मुभा असते. मी घेतलेल्या गटांत बायकाही बायकांना याहून वेगळे मार्क देत नाहीत.

व्हिडिओ झाला नाही. पण माझ्या सांगण्यामुळे नव्हे, तर उमेदवारांनीच नाही म्हटलं. "त्याला दुसऱ्यांदा वापरायचं नाही," एवढंच म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवसात त्यांनी मतदारांना दाखवण्यासारखं काही केलं असेल तर ते हे, आणि ते बघायला खोलीत मतदार नव्हते.

रात्री मी चर्चेची लेखी प्रत वाचत बसले. "पाणी" हा शब्द पहिल्या निम्म्या भागात जागोजाग होता, दुसऱ्या निम्म्यात जवळपास नाहीच. "तो पोरगा", "तो मुलगा", "वायरवाला", "माइकवाला" यांनी पानंच्या पानं भरली होती. आणि एक गोष्ट वाचतानाच लक्षात आली, ऐकताना नाही. उमेदवाराबद्दल बोलताना लोक "हुशार आहे", "ठाम आहे" अशी वाक्यं बोलत होते, जणू दुसऱ्या कुणाचं प्रगतिपुस्तक वाचतायत. मुलाबद्दल बोलायला लागले की वाक्यात "मी" यायचा, "आपण" यायचा. अहवालात मी हेच मांडलं: मतदार उमेदवाराचा स्वभाव त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसावरून वाचतो, कारण त्या माणसाच्या जागी तो स्वतःला ठेवून बघतो. उमेदवाराच्या जागी स्वतःला ठेवणारे मतदार मला अजून भेटायचे आहेत.

प्रचारप्रमुखांनी अहवालातलं ते पान वगळून बाकीचं सादरीकरण वरच्यांना दाखवलं, असं मला नंतर कळलं. त्याजागी उमेदवाराने सभेत जास्त हसावं अशी सूचना घातली होती.

निवडणूक आमच्या उमेदवाराने जिंकली. त्या वर्षी त्यांच्या पक्षाची हवा होती आणि हवा असली की माइकवाला आडवा येत नाही. निकालाच्या संध्याकाळी प्रचारप्रमुखांचा फोन आला, "बघा मॅडम, तुमचा वायरवाला काही नडला नाही." मी अभिनंदन केलं. आजूबाजूच्या मतदारसंघांत त्यांच्या पक्षाचे जे साधेसुधे उमेदवार होते, त्यांचं मताधिक्य आमच्या या अभ्यासू उमेदवारापेक्षा बरंच जास्त होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. आकडे त्यांच्यासमोरही होतेच. हवेचा जोर माणसापेक्षा मोठा असतो, हे उलट बाजूनेही खरं आहे. १९४५ च्या मे महिन्यात ब्रिटनमध्ये ८३ टक्के लोक पंतप्रधान चर्चिलच्या कामगिरीवर खूश होते आणि दोनच महिन्यांनी त्याच लोकांनी मजूर पक्षाला ३९३ जागा देऊन त्याला घरी बसवलं. माणूस आवडत होता, पण लोकांना घरं हवी होती, नोकऱ्या हव्या होत्या. ती नर्स तिथे असती तर तिने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे.

हल्ली क्लायंटकडून क्लिपा मागवताना मी एक ओळ लिहून देते: उमेदवार एकटा दिसणारी क्लिप पाठवू नये, चौकटीत ड्रायव्हर, कार्यकर्ता, शिपाई, माइकवाला, कुणीतरी असावं, आणि त्याच्याशी उमेदवार बोलत असावा. येतात त्या क्लिपांत बहुतेक वेळा उमेदवार मावळत्या उन्हात एकटाच उभा असतो, आणि मागे संगीत.